दोनशे बारा ते दोनशे तेरा

शीतगृहाच्या दारावर शिर्क्यांनी कागद डकवलाय:
'चपला बाहेर. समुद्र आत.'
आत चार अंशांवर, प्लास्टिकच्या पन्हळीत
उभा चिरून ठेवलेला चार मीटर गाळ.
नर्मदेच्या मुखापासून बराच पुढे
जहाजावरून नळी खुपसून उचललेला.
राखाडी, हिरवट, मध्येच एक तपकिरी रेघ,
सायीवरून कुणी बोट ओढल्यासारखी.

सेंटिमीटरला साधारण वीस वर्षं.
म्हणजे मी अख्खी
दोन सेंटिमीटरही नाही.

काम सांगायला सोपं आहे.
एक काप काढायचा, वाळवायचा, तोलायचा,
रात्रभर भिजत घालायचा साबुदाण्यासारखा,
सकाळी त्रेसष्ट मायक्रॉनच्या चाळणीवर ओतून
नळाची धार बारीक ठेवून धूत बसायचं.
चिखल निघून जातो.
उरतात रव्याएवढी कवचं, एकपेशी जिवांची.
ब्रशाचं टोक ओलं करून एकेक टिपायचं,
सूक्ष्मदर्शकाखाली, मान मोडेस्तोवर.

नदी भरभरून आली त्या काळात
समुद्राचं वरचं पाणी जरा गोडावलं,
आणि घर बांधताना या जिवांनी
तेच पाणी चुन्यात कालवलं.
यंत्र त्यातला ऑक्सिजन मोजतं.
हलका निघाला, तर पाणी आलं होतं.
जड निघाला,
तर कुणीतरी काठावर उभं राहून वर बघत होतं.
(इतकं सरळ नसतं. ऊन-थंडीचा हिशेब वेगळा वजा करावा लागतो.
शिवाय कुठल्याशा किड्याने बीळ करताना
शंभरेक वर्षं खालीवर केलेली असतात
आणि त्याला त्याचं काही नसतं.)

आमच्या तळमजल्यावर मागच्या पुराची खूण होती,
कमरेइतकी, बशीच्या कडेसारखी मळकट.
दिवाळीआधी माणसं आली, रंग देऊन गेली.
खाली तळाशी रंगारी पोचत नाही, एवढाच फरक.

परवा दुपारी शिर्के दारात उभे,
हात पुसून झाले तरी पुसतच.
'मॅडम, भूल झाली एक.
चाळणी लावायचीच राहिली.
दोनशे बारा ते तेरा. सिंकमधून गेलं सगळं.'

एकतीस वर्षांची नोकरी. मार्चमध्ये निवृत्ती.
मी काही बोलले नाही.
चार हजार दोनशे वर्षांपूर्वीचा काप होता तो,
जिथे पाऊस हटत गेला असावा असं वाटत होतं,
नेमका जिथे आलेख वळणार होता.
दुसरा अर्धा भाग आधीच वाटून संपलेला.

तक्त्यात लिहिलं: नमुना नाही.

संध्याकाळी काला घोड्याच्या पुलावर स्कूटर थांबवली.
खाली विश्वामित्री, चहाच्या चोथ्याच्या रंगाची.
मगर बघायला चार पोरं कठड्याला लोंबकळलेली.
आमच्या सिंकचा पाइप नाल्यात,
नाला इथे कुठेतरी,
इथून ढाढर, ढाढरचं पाणी खंभातच्या आखातात,
तिथली भरती रोज दोनदा सगळं ढवळून टाकते.
म्हणजे तो काप घरीच निघाला होता,
वाटेत मगरीच्या पोटाखालून जाऊन.
तळाशी बसेल तेव्हा आमच्या साबणासकट बसेल,
यंदाच्या वर्षात,
आणि कुणीतरी पुढे डोकं खाजवेल:
इतकी जुनी कवचं इतक्या वर कशी?
त्यालाही कुठल्यातरी किड्यावर संशय येईल.

हे मी शिर्क्यांना सांगितलं.
ते हसले नाहीत. विचारलं,
'मग परत किती वर्षांनी मिळेल?'

दुसऱ्या दिवशी चाळणीखाली घमेलं आलं होतं,
घरून आणलेलं, एका कानाला तार बांधलेलं.
आता धुवण ते फेकत नाहीत. दोन दिवस निवळू देतात.
आज सकाळी वरचं पाणी हलकेच ओतून
त्यांनी तळाला बोट लावलं,
उजेडात धरलं,
आणि म्हणाले, 'हे बघा.
बसतंय.'